रानवाटेवरील पहिली फेरी

चार फुगीर चाकें, खोगिरासारखी लांबट गादी, मोटारसायकलीला असतें तसें हँडल आणि वेग वाढविण्यासाठीं उजव्या अंगठ्याखालीं एक लहानशी कळ. अमेरिकेंत ‘एटीव्ही’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या गाडीचें एवढें वर्णन केलें म्हणजे तिच्यांत शिकण्यासारखें आणखी कांहीं असेल असें ऐकणाऱ्याला वाटत नाहीं. सायकल पडते, कारण तिला चाकें दोनच. ही तर चार पायांवर उभी आहे, मग ही पडणार कशी, असा साधा हिशेब प्रत्येक नवशिका मनाशीं करतो. गाडीचें नांवहि या समजुतीला पुष्टि देणारेंच आहे. त्या तीन इंग्रजी अक्षरांचा अर्थ ‘सर्व प्रकारच्या भूमीवर चालणारें वाहन’ असा होतो. चिखल, वाळू, बर्फ, दगडधोंडे, सगळें तिला सारखेंच, असा त्या नांवांतला डौल. त्या डौलावर विश्वास ठेवून जो रानवाटेला लागतो, त्याला पहिल्या दिवशीं सायंकाळपर्यंत ज्या गोष्टी उमगतात त्यांतील बऱ्याचशा अशा असतात कीं, त्या सकाळींच कोणी सांगितल्या असत्या तर बरें झालें असतें. त्या सांगणें हाच या भाषणाचा हेतु होय.

या गाडीचा जन्म एका व्यापारी अडचणींतून झाला. हिवाळा आला कीं अमेरिकेंत मोटारसायकलींची विक्री मंदावे. त्या दिवसांत खपेल असें कांहीं तरी करून द्या, अशी मागणी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस होंडा कंपनीच्या अमेरिकेंतील शाखेकडून जपानला गेली. ओसामु ताकेउची या इंजिनिअरनें दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत निरनिराळ्या रचना करून पाहिल्या आणि अखेर तीन चाकांची गाडी पसंत केली. १९७० सालीं ती बाजारांत आली. इंजिन अगदीं लहान, शक्ति सुमारें ७ अश्वांची. खरी नवलाई होती ती तिच्या मऊ, जाड, जवळ जवळ फुग्यासारख्या टायरांत. भार पुष्कळ जागेवर पसरला गेल्यामुळें ते बर्फांत वा चिखलांत रुतत नसत. उंटाच्या पसरट पावलाला वाळवंटांत जो फायदा मिळतो तोच हा. पुढें १९८२ सालीं सुझुकी कंपनीनें चार चाकांची गाडी आणली. तीन चाकी गाड्या वळणावर उलटतात अशी ओरड त्या सुमारास वाढतच चालली होती, आणि १९८८ सालीं अमेरिकन सरकार व प्रमुख उत्पादक यांच्यांत न्यायालयाच्या संमतीनें करार होऊन त्या गाड्यांची नवी विक्री बंद पडली. खरेदीदाराला गाडी चालविण्याचें शिक्षण देण्याची जबाबदारीहि त्याच करारानें उत्पादकांवर आली.

चौथें चाक आल्यानें प्रश्न मिटला असें मात्र झालें नाहीं. ग्राहकांच्या वापरांतील वस्तूंची सुरक्षितता पाहणाऱ्या अमेरिकन सरकारी आयोगाच्या अलीकडील आंकड्यांप्रमाणें, रस्त्याबाहेर चालणाऱ्या वाहनांच्या अपघातांत त्या देशांत दर वर्षीं सरासरीनें ७०० हून अधिक माणसें दगावतात, आणि सुमारें १,००,००० माणसांना इस्पितळाच्या तातडीच्या विभागांत न्यावें लागतें. या आंकड्यांत एटीव्हीबरोबर तिचीं मोठीं भावंडेंहि, म्हणजे मोटारीसारखीं शेजारीं शेजारीं आसनें असलेलीं रानांतलीं वाहनें, मोजलेलीं आहेत हें खरें. परंतु कारणें पाहूं गेलें तर वरचेवर एकच गोष्ट आढळते. गाडी उलटली आणि माणूस तिच्याखालीं सांपडला. प्रौढांसाठीं केलेल्या नेहमींच्या गाडीचें वजन २५० ते ३५० किलो असतें. तांदुळाचीं पांच-सात पोतीं एकदम छातीवर यावीं, तसा तो प्रकार.

या छंदाचें एक प्रसिद्ध क्षेत्र म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया संस्थानचा दक्षिण भाग. तेथील डोंगर फार उंच नाहींत, पण उतार उभे, खोरीं अरुंद आणि झाडी दाट. एके काळीं या भागाचा सगळा संसार कोळशाच्या खाणींवर चाले. पुढें तो धंदा खालावत गेला, आणि खाणवाल्यांनीं व लाकूडवाल्यांनीं डोंगरांतून काढलेल्या जुन्या वाटा मोकळ्या पडल्या. त्यांचा उपयोग करून २००० सालीं हॅटफील्ड-मॅकॉय या नांवानें रानवाटांचें जाळें लोकांस खुलें करण्यांत आलें. आज त्याची लांबी १,००० मैलांहून अधिक भरते. हीं दोन आडनांवें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत टग फोर्क नदीच्या दोन अंगांना राहून वैरापायीं एकमेकांचे मुडदे पाडणाऱ्या दोन घराण्यांचीं आहेत. ज्या डोंगरांत माणसें एकमेकांवर बंदुका रोखीत, तेथें आज समोरून येणाऱ्याला वाट देण्याचा शिष्टाचार पाळला जातो, ही गंमत ध्यानांत घेण्याजोगी आहे.

येथील वाटांना रंग नेमून दिलेले आहेत. हिरव्या खुणेची वाट सोपी, निळ्या खुणेची अवघड, काळ्या खुणेची सर्वांत कठीण. नवशिक्याची पहिली कसोटी गाडी सुरू होण्यापूर्वींच लागते ती येथें. बरोबरचे मित्र मुरलेले असतात. हिरव्या वाटेवर फिरणें त्यांना कंटाळवाणें वाटतें. आणि आपल्यामुळें मंडळींचा विरस नको म्हणून हा बापडा निळ्या वाटेला होकार भरतो. संकोच हा घरांत गुण असेल, डोंगरांत तो घातक ठरतो. बाकीचे नियम थोडे, पण सक्तीचे आहेत: परवाना काढावा, शिरस्त्राण घालावें, मद्य घेऊं नये, खुणेची वाट सोडूं नये, आणि एकासाठीं केलेल्या गाडीवर दोघांनीं बसूं नये.

गाडी सुरू करण्याआधीं ती तपासून पाहावी लागते. चाकें, ब्रेक, दिवे, तेल, पेट्रोल, सांखळी या गोष्टी कोणीहि सांगेल. टायरांतील हवेची गोष्ट मात्र निराळी आहे. मोटारीच्या टायरांत दर चौरस इंचास तीस-पस्तीस पौंड दाबाची हवा असते. एटीव्हीच्या टायरांत बहुधा चार ते सात पौंडच. मोटारवाला नवशिका चाकावर टाच मारून पाहतो, तें मऊ लागतें, आणि तो पंपावर जाऊन हवा भरून आणतो. आतां तीं चाकें दगडावरून चेंडूसारखीं उसळूं लागतात. याच्या उलट, एका बाजूच्या टायरांत पौंड-दोन पौंड हवा कमी असली तर मोटारींत तें कळणारहि नाहीं. येथें मात्र पांचांतले दोन गेले म्हणजे निम्म्याच्या जवळपास गेले, आणि गाडी सारखी त्या बाजूला ओढूं लागते. इतका थोडा दाब मोटारीच्या मापकावर नीट वाचतां येत नाहीं. त्यासाठीं निराळा मापक मिळतो. तो खिशांत असावा.

यानंतर तो गादीवर बसतो. गादी चांगली हातभर लांब असते, तेव्हां ती दोघांसाठींच केली असावी असा त्याचा ग्रह होतो. मागें बायको किंवा मित्र, पुढें एखादें मूल, अशी वरात निघते ती यामुळेंच. वस्तुतः ती लांबी एकट्या स्वारासाठीं आहे. चढावर त्याला पुढें सरकावयाचें असतें, उतारावर मागें, वळणावर आंतल्या अंगाला. त्याच्या या हालचालींसाठीं ती जागा मोकळी ठेवलेली असते. मोटारींत बसणारा माणूस हें गाडीच्या दृष्टीनें ओझें असतें, तो कसाहि बसला तरी फारसें बिघडत नाहीं. एटीव्हीवरचा स्वार हा गाडीचाच एक भाग आहे, आणि तोहि असा कीं, तोल सांभाळण्याचें काम करणारा तेवढा एकच हलता भाग. गाडी ३०० किलोची आणि माणूस ७० किलोचा. हें सत्तर किलो वजन योग्य वेळीं योग्य बाजूला गेलें तर गाडी उभी राहते, आणि जागच्या जागीं बसून राहिलें तर उलटते. मागें दुसरें माणूस बसलें कीं पहिल्याला सरकावयास जागा उरत नाहीं, शिवाय त्या दुसऱ्याचें वजन नेमकें नको तेथें, म्हणजे मागील चाकांवर, येऊन पडतें. दोघांना बसतां येईल अशा खास गाड्या निघतात, पण त्यांची बांधणीच लांब असते.

वळणाचें रहस्य समजण्यास आपल्याकडील बैलगाडी उपयोगी पडेल. बैलगाडीचा आंस स्थिर असतो आणि दोन्ही चाकें त्याभोंवतीं आपापल्या परीनें फिरतात. म्हणून वळतांना बाहेरचें चाक अधिक धांवतें, आंतलें कमी, आणि कोणाचीच तक्रार नसते. मोटारींत हेंच काम एका निराळ्या दंतचक्रांच्या योजनेनें साधतात. पुष्कळशा एटीव्हींत मात्र मागचीं दोन्ही चाकें एकाच वेगानें फिरावीं अशी घट्ट जोडलेलीं असतात, आगगाडीच्या डब्याखालच्या चाकांप्रमाणें. चिखलांत एक चाक नुसतें गरगरत राहूं नये, म्हणून ही सोय. तिची किंमत वळणावर मोजावी लागते. बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावयाचें असतें, आंतल्याला कमी, आणि दोघांचे फेरे तर सारखेच. म्हणून कोणत्या तरी एकाला घसरावेंच लागतें. तें सुखानें घसरेना म्हणजे हँडल वळवूनहि गाडी सरळच जाऊं पाहते, आणि नवशिका घाबरून हँडल आणखी वळवितो. शिकविणारे सांगतात तें असें: वळण येण्यापूर्वींच वेग कमी करावा, अंग पुढें आणि वळणाच्या आंतल्या बाजूला झुकवावें, व भार मात्र बाहेरच्या पायावर द्यावा. वाचतांना हें विचित्र वाटतें; दहा-वीस वळणांनंतर तें अंगवळणीं पडतें. डांबरी सडकेवर ही गाडी कां नेऊं नये, याचेंहि एक उत्तर यांतच आहे. माती चाकाला घसरूं देते, डांबर देत नाहीं. त्या मऊ टायरांची पकड सडकेवर अवचित बसते, अवचित सुटते, आणि गाडी भलतीकडेच झेंप घेते. वेस्ट व्हर्जिनियांतील कांहीं गांवांनीं आपल्या रस्त्यांवरून एटीव्ही नेण्यास मुभा दिलेली आहे, कारण स्वारांनीं गांवांत येऊन जेवावें, उतरावें, पैसा खर्चावा, अशी त्यांची इच्छा. त्या गांवांची गरज समजण्यासारखी आहे; टायरांना मात्र ती समजत नाहीं.

सायकलीवर वाढलेल्या माणसाला जी एक संवय मुद्दाम मोडावी लागते ती पायांची. तोल जातो आहे असें वाटलें कीं पाय आपोआप जमिनीकडे जातो. सायकलीवर तो पाय तारतो. येथें तसा काढलेला पाय जमिनीला टेकतो, गाडी पुढें जातच असते, आणि मागचें रुंद चाक त्या पायावरून, निदान पोटरीवरून, चढून जातें. पायाचीं हाडें मोडण्याचा हा अगदीं ठरलेला मार्ग आहे. म्हणून दोन्ही पाय सदैव पाय ठेवण्याच्या पट्ट्यांवर हवेत. आणि पायांत घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट हवेत, वहाणा नव्हेत.

दुसरी संवय हातांची. भीति वाटली कीं माणूस मूठ आवळतो. वेग देण्याची कळ अंगठ्याखालीं असल्यामुळें मुठीबरोबर तीहि दाबली जाते, आणि थांबावयाच्या ऐवजीं गाडी उसळते. मग मोटारसायकलीप्रमाणें मूठ पिरगाळण्याची योजना कां केली नाहीं, असा प्रश्न कोणी विचारील. स्वार सतत पुढेंमागें सरकत असतो, गाडी धक्के देत असते. अशा वेळीं शरीराबरोबर मनगट मागें ओढलें जाऊन मूठ नकळत पिरगाळली जाण्याचा धोका मोठा. अंगठा सैल सोडणें त्यामानानें सोपें, पण तें शिकावें लागतें. पहिला अर्धा तास सपाट मोकळ्या जागेंत नुसतें चालणें, थांबणें आणि अंगठा उचलणें यांतच घालविणारा नवशिका पुढें सुखी होतो. इंजिन बंद करण्याचें बटण न पाहतां सांपडलें पाहिजे, आणि कोणता ब्रेक कोठला हें ठाऊक पाहिजे, कारण ब्रेकांची मांडणी सर्व कंपन्यांची सारखी नसते. अमेरिकेंतील एटीव्ही सुरक्षा संस्थेच्या शिक्षणवर्गांतहि आरंभ याच गोष्टींपासून होतो.

डोळ्यांचाहि एक धडा आहे. वाटेंत मोठा धोंडा दिसला कीं नवशिका त्याच्याकडे टक लावून पाहतो, आणि जिकडे नजर तिकडे हात, या न्यायानें बरोबर त्याच धोंड्यावर जाऊन आदळतो. नजर धोंड्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवावी. खोल चाकोऱ्या पडलेल्या ओल्या वाटेवर अशी निवड करणेंहि नेहमीं शक्य नसतें. तेथें हँडलाशीं झगडत बसण्यापेक्षां चाकोरीला थोडें मोकळें सोडून, हळू वेगानें, गुडघे वांकवून उभें राहणें बरें. गुडघे हे स्वाराच्या स्प्रिंगा आहेत. सबंध दिवस बसून काढणाऱ्याची कंबर दुसऱ्या दिवशीं बोलूं लागते.

आतां चढाविषयीं. रानवाटेवरील गंभीर अपघातांचें मूळ पुष्कळदां चढावर असतें. चढ खालून दिसतो त्याहून वर गेल्यावर अधिक उभा वाटतो. मध्यावर माती सुटी होते, चाकें गरगरतात, आणि नवशिक्याचा धीर सुटतो तो नेमका परत फिरण्यास जागा नसते तेथें. म्हणून चढ आधीं खालून नीट न्याहाळावा. पलीकडे काय आहे हें दिसत नसेल तर चालत जाऊन पाहण्यांत कमीपणा नाहीं. चढण्यापूर्वीं खालचा गिअर घालावा, गति खालींच मिळवावी, आणि चढतांना गादीवर पुढें सरकून अंग हँडलावर झुकवावें. चढ फारच उभा असेल तर पट्ट्यांवर उभें राहून छाती पुढें न्यावी. अर्ध्या चढावर एकदम जोर दिला तर पुढचीं चाकें उचललीं जातात. माथ्याजवळ वेग कमी करावा, कारण पलीकडून कोणी येत असेल, किंवा पलीकडे वाटच नसेल.

पण खरी परीक्षा गाडी अर्ध्यावर बंद पडते तेव्हां होते. इंजिन गप्प झालें, गाडी क्षणभर स्तब्ध उभी राहिली, आणि मग हळूहळू मागें सरूं लागली. या एका क्षणीं सायकलीचें आणि मोटारीचें सगळें ज्ञान माणसाला चुकीचा सल्ला देतें. तें म्हणतें, सांपडेल तो ब्रेक गच्च दाब. मागें घरंगळणाऱ्या गाडीचा मागचा ब्रेक एकदम आवळला म्हणजे मागचीं चाकें जागीं खिळतात, पण गाडीचा भार उताराच्या दिशेनें येतच असतो. मग पुढचीं चाकें हवेंत जातात आणि सबंध गाडी मागच्या चाकांवरून उलटून स्वाराच्या अंगावर येते. करावयाचें तें असें: अंगाचा सारा भार चढाच्या बाजूला, म्हणजे पुढें, ठेवावा, पुढचा ब्रेक हळूहळू दाबीत गाडी थांबवावी, ती थांबल्यावर मग उभी करून ठेवण्याचा ब्रेक लावावा, आणि गाडीच्या बाजूनें, उताराच्या वरच्या अंगाला, खालीं उतरावें. सर्व चाकांचा ब्रेक एकाच दांडीवर असलेल्या गाड्याहि असतात. त्यांच्या पुस्तकांत काय सांगितलें आहे हें आधींच वाचलेलें असावें, चढावर तें वाचण्यास सवड मिळत नाहीं. आणि इतकें करूनहि गाडी आवरेनाशी झाली तर ती सोडून द्यावी आणि तिच्या मार्गांतून बाजूला व्हावें. गाडी वांचविण्यासाठीं तिला धरून राहणाऱ्यांचीं कुटुंबें पुढें कायमचीं हळहळत राहतात. कर्ज काढून घेतलेली वस्तु हातची जात असतां मूठ सोडणें फार अवघड असतें, हें खरें; म्हणूनच तो निश्चय घरून करून निघावें.

उतारावर सर्व उलट. अंग मागें, गिअर खालचा, अंगठा सैल, ब्रेक थोडा थोडा, आणि गाडीचें तोंड शक्य तों सरळ खालीं. आडव्या उतारावरून जाणें पहिल्या दिवशीं टाळावेंच. टाळतां आलें नाहीं तर अंग डोंगराच्या बाजूला झुकवावें, आणि गाडी खालच्या अंगाला कलते आहे असें वाटतांच शक्य असेल तर तोंड खालीं वळवावें. तेंहि साधत नसेल तर वरच्या बाजूला उतरून मोकळें व्हावें.

ओढा ओलांडतांना पाणी किती आहे तें आधीं पाहावें. पाय ठेवण्याच्या पट्टीपर्यंत पाणी येणार असेल तर जाऊं नये, आणि धार जोराची असेल तर त्याहून कमी पाण्यांतहि जाऊं नये, कारण फुगीर टायर पाण्यावर तरंगूं पाहतात. पलीकडे गेल्यावर ओले ब्रेक एक-दोनदां हळूच दाबून वाळवून घ्यावे. ठरलेल्या उतारानेंच पाण्यांत शिरावें. कांठ जागोजागीं फोडले म्हणजे माती ओढ्यांत उतरते आणि माशांच्या अंड्यांवर बसते.

वाटेवरच्या रीतिभाती थोड्याशा सहवासानें कळतात. समोरून येणारा स्वार बोटें वर करून आपल्यामागें किती गाड्या आहेत तें सांगतो. मिटलेली मूठ म्हणजे हा शेवटचा. फांटा आला कीं मागचा दिसेपर्यंत पुढच्यानें थांबावें. धुळींत फार जवळून जाऊं नये. घोडेस्वार भेटले तर बाजूस थांबून इंजिन बंद करावें, शिरस्त्राण काढावें आणि दोन शब्द बोलावे. घोड्याला शिरस्त्राण घातलेली आकृति माणसाची वाटत नाहीं, आवाज ऐकला म्हणजे त्याची खात्री पटते. ज्यांनीं बुजलेला घोडा पाहिला आहे त्यांना या नियमाचें महत्त्व निराळें सांगणें नलगे.

मुलांचा प्रश्न मात्र रीतिभातींचा नव्हे. सोळा वर्षांखालील मुलाला प्रौढांची गाडी देऊं नये असें अमेरिकन सरकारचा आयोग सांगतो. तेथील बालवैद्यांची संस्था तर त्या वयाच्या मुलानें एटीव्ही मुळींच चालवूं नये या मताची आहे. कारण उघड आहे. जो तोल स्वाराच्या वजनावर सांभाळावयाचा, तें वजनच मुलाजवळ नसतें, आणि संकटाच्या क्षणीं जो विवेक लागतो तोहि अजून यावयाचा असतो. कोंकणांत नागांवसारख्या किनाऱ्यांवर आणि लोणावळ्याच्या बाजूला आतां या गाड्या भाड्यानें मिळतात. आपल्याकडची मंडळी सुटींत तेथें जातात, दहा मिनिटांचे पैसे भरतात, आणि हौसेनें लहानग्याला पुढें बसवून त्याच्याच हातीं हँडल देतात. गाडीवाला शिरस्त्राण देईलच असें नाहीं. तें मागून घ्यावें, आणि नसेल तर पैसे परत घ्यावे. दहा मिनिटांची गाडी आणि दिवसभराची गाडी यांच्या वजनांत फरक नसतो.

गाडीच सुधारून हा धोका कमी करतां येईल काय, याचा विचार ऑस्ट्रेलियानें केला. तेथें शेतांत मेंढ्यांमागें धांवण्यासाठीं या गाड्या घरोघर आहेत आणि शेतकरी त्यांखालीं सांपडून मरत. २०२१ सालच्या ऑक्टोबरपासून तेथील कायद्यानें शेतकामाच्या नव्या गाडीवर स्वाराच्या पाठीमागें एक मजबूत कमान असणें आवश्यक केलें. गाडी उलटली तरी तिच्या आणि जमिनीच्या मध्यें माणसाला थोडी पोकळी राहावी, हा हेतु. कांहीं मोठ्या उत्पादकांना ही अट मान्य झाली नाहीं, आणि त्यांनीं त्या देशांत असल्या गाड्या विकणेंच थांबविलें. त्यांचें म्हणणें असें कीं, स्वारानें अंग हलवीत राहावयाचें आणि प्रसंगीं उडी टाकून सुटावयाचें, त्याला ही कमान अडथळा करील. शास्त्रार्थ दोन्ही बाजूंनीं करतां येईल. शेतावर एकटा पडून तासन्‌तास मदतीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या बाजूनें सरकारनें कौल दिला, आणि तो कौल योग्यच म्हटला पाहिजे.

वेस्ट व्हर्जिनियाच्या खोऱ्यांत टेलिफोन बहुतेक ठिकाणीं लागत नाहीं. म्हणून कोणत्या वाटेनें जाणार आणि केव्हां परतणार हें उतरण्याच्या जागीं सांगून निघावें. बरोबर पिण्याचें पाणी, मलमपट्टी, पंक्चरचें सामान, लहान पंप आणि एक दोर असावा. आणि टांकींतलें पेट्रोल निम्म्यावर येण्याआधींच माघारीं फिरावें. परत आल्यावर इंजिन निवूं द्यावें, मग धूर सोडण्याच्या नळीभोंवतीं अडकलेला वाळका पाला काढावा, कारण तापलेल्या नळीवर तो पेट घेतो. चाकांचा चिखलहि तेथेंच धुवावा. एका रानांतल्या तणाचें बीं त्याच्याबरोबर दुसऱ्या रानांत जातें. एवढें होईपर्यंत अंधार पडलेला असतो. नवशिका जेवावयास बसतो तेव्हां त्याच्या ध्यानांत येतें कीं, दिवसभर कळ दाबून उजवा अंगठा इतका दुखतो आहे कीं हातांत चमचा धरवत नाहीं. दोन दिवसांनीं तो उतरतो.